मागितली बेणारे, मिळाल्या काशीकरबाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)

अध्यक्षबाई, कार्यवाहबाई आणि जमलेल्या सर्व काकू, मावश्या, आज्या आणि मैत्रिणींनो,

'भगिनींनो' म्हणून सुरुवात करावयाची, असे मी घरून ठरवून आले होते. परंतु समोर पाहते तो, ज्यांनी माझ्या वेण्या घातल्या, आई कामावरून येईपर्यंत ज्यांच्या घरी मी पोह्यांवर हात मारला, त्याच तुम्ही सगळ्या बसलेल्या! तुम्हांला भगिनी म्हणावयाचा धीर मला होत नाही. तेव्हा भाषण म्हणून न ऐकता, आपल्या चाळीतली एक मुलगी नाटक शिकावयास गेली आणि तिला काय काय अनुभव आले, ते गॅलरीत बसून सांगते आहे, असेच समजा.

मी नाट्यशिक्षणाच्या वर्गाला नाव घातले तेव्हा माझ्या आजीने एकच प्रश्न विचारला होता, "यात शिकावयाचे काय असते ग? आम्ही तर न शिकताच करतो." त्या वेळी मी हसले. गेल्या वर्षीच्या तालमींनंतर मला त्या प्रश्नाचे हसू येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या वर्गाने विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक करावयास घेतले. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते पाहिले असेल. १९६७ साली 'रंगायन'ने ते प्रथम रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते, आणि लीला बेणारे या शिक्षिकेची भूमिका सुलभाताई देशपांडे यांनी केली होती. सुलभाताई स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, हे मला फार मागाहून कळले.

ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. एक हौशी नाटकमंडळी प्रयोगासाठी एका गावी येते. रात्रीच्या प्रयोगाला अवकाश असतो. वेळ घालवावा म्हणून खोटे कोर्ट भरविण्याचे ठरते आणि गमतीगमतीने बेणारेबाईंना आरोपी करतात. आरोप कोणता, तर भ्रूणहत्येचा. होता होता थट्टा सरते. ज्याला त्याला तिच्या खाजगी आयुष्यातले ठाऊक असलेले किंवा नुसते ऐकलेले आठवू लागते. ती अविवाहित आहे, तिला दिवस गेले आहेत, आणि ज्यांच्यामुळे गेले ते प्राध्यापक दामले तेथे नाहीतच. ते आरोपीही नाहीत! शेवटी बेणारेचे एक लांबलचक स्वगत आहे. नाटक शिकणाऱ्या प्रत्येक मुलीचा डोळा त्या स्वगतावर असतो. माझाही होता.

भूमिकांची निवड व्हावयाची होती. हल्ली तिला सर्वजण ऑडिशन म्हणतात. एक उतारा पाठ करून म्हणावयाचा, एक आयत्या वेळी हातात देतील तो वाचावयाचा, अशी रीत. मी महिनाभर ते स्वगत घोकले. घरात जागा नाही म्हणून गच्चीवर जाऊन म्हणत असे. एके संध्याकाळी अगदी रंगात आले असताना तळमजल्यावरच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन धापा टाकीत वर आल्या. "काय झालं ग बाई? घरात कुणी काही बोललं का?" मी म्हटले, "काकू, नाटक आहे." तर त्या म्हणाल्या, "मग हळू रड. आमच्याकडे पाहुणे आलेत." माझी पहिली समीक्षा ती हीच.

निवडीच्या दिवशी आम्ही एकोणीस मुली होतो. त्यांपैकी चौदाजणींनी तेच स्वगत आणले होते! आमच्या दिग्दर्शिका बाई शांतपणे ऐकत होत्या. माझी पाळी आली. निम्मे म्हणून झाले नसेल, तोच बाई म्हणाल्या, "पुरे. त्या खुर्चीवर बस. आता पुढची." मी बसले. आता आपले काम संपले, अशी माझी समजूत. पुढची मुलगी म्हणू लागली आणि मी तिचे ऐकू लागले. ऐकू लागले म्हणजे काय, तिचे 'ळ' कसे होतात, तिची ओढणी कशी घसरते, हिला कोणी बेणारे देणार आहे की काय, अशी तिची झडती घेऊ लागले. मध्येच मी माझी ओढणी नीट केली. शेजारच्या मुलीकडे पाहून थोडी हसलेदेखील.

दुसऱ्या दिवशी फलकावर यादी लागली. बेणारे त्या ओढणी घसरणाऱ्या मुलीला मिळाली होती. माझ्या नावापुढे होते, 'सौ. काशीकर.'

मी तडक बाईंकडे गेले. डोळ्यांत पाणी होते, ते लपविण्याइतका अभिनय तेव्हा येत नव्हता. बाई म्हणाल्या, "स्वगत तू बरे म्हटलेस. पण ते चौदाजणींनी बरे म्हटले. तू खुर्चीवर बसून तिच्याकडे ज्या नजरेने पाहत होतीस ना, ती मात्र एकोणिसात एकटीची होती. मला काशीकरबाई तिथे दिसल्या."

लक्षात घ्या, माझी परीक्षा मी बोलत होते तेव्हा झालीच नव्हती. ती मी ऐकत होते तेव्हा झाली!

काशीकर हे त्या खोट्या कोर्टातले न्यायाधीश, आणि या त्यांच्या पत्नी. पहिले दहा दिवस बैठ्या तालमी झाल्या. म्हणजे नुसते गोल बसून वाचावयाचे आणि प्रत्येक वाक्याला 'हे ही व्यक्ती आत्ताच का बोलली' असे विचारावयाचे. मी नाराजीनेच वाचत असे. एक खवचट, दुष्ट बाई, यापलीकडे मला तिच्यात काही दिसेना. म्हणून मी आवाज चढवून, नाक मुरडून वाचू लागले. बाई म्हणाल्या, "तू तिला शिक्षा सुनावलीस की! आधी तिचे ऐकून तरी घे. काशीकर तिला चारचौघांत किती वेळा गप्प बसवतो, ते मोजून आण."

त्या रात्री मी पेन्सिल घेऊन बसले. पाहते तो काय, ही बाई तोंड उघडते आणि नवरा तिला गप्प बसवतो. पुन्हा उघडते, पुन्हा तेच. तिला मूलबाळ नाही. केसांत गजरा आहे. परंतु तिचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी नाही. आणि मग ते कोर्ट भरते. साक्षीदार म्हणून ती उभी राहते आणि बेणारेविरुद्ध बोलू लागते. तेव्हा मात्र सगळे कान टवकारतात! वकील आदराने प्रश्न विचारतो. गप्प बसविणारा नवरा न्यायासनावरून ऐकून घेतो. जन्मात प्रथमच तिच्या शब्दाला किंमत येते. ती यावी म्हणून दुसऱ्या एका बाईची अब्रू तेवढी द्यावी लागते. मैत्रिणींनो, पेन्सिल माझ्या हातातच राहिली. दुष्ट बाई करणे सोपे होते. ही बाई करणे मला अवघड जाऊ लागले.

मग उभ्या तालमी सुरू झाल्या. तिसऱ्या अंकात बेणारे पिंजऱ्यात जावयास तयार नसते, तेव्हा काशीकरबाई तिला धरून ओढीत नेतात. तेथे माझे घोडे अडले. पहिल्या दिवशी मी खरेच ओढले आणि बेणारे करणाऱ्या मुलीच्या मनगटावर माझ्या बांगड्यांचे वळ उठले. दुसऱ्या दिवशी भीतीने इतके हळू धरले की, आम्ही दोघी बाजारात निघाल्यासारख्या दिसलो! तेव्हा बाईंनी आम्हांला या कामाची युक्ती शिकविली. रंगमंचावर ओढणारा ओढीत नसतो, त्याने नुसते घट्ट धरल्यासारखे दाखवावयाचे. मागेपुढे होणारा सगळा जोर ज्याला ओढले जाते त्याचा असतो. तो स्वतःच झटके देतो, म्हणून कोणाला इजा होत नाही. युक्ती आठ दिवसांत जमली. तरीही बाईंची मान हलेना. "हात ठीक आहेत. पण तुझा चेहरा कोरा आहे. एका बाईला ओढून आणताना दुसरीच्या चेहऱ्यावर काय असते, ते तू कधी पाहिले नाहीस काय?"

घरी येताना लोकलमध्ये मला आठवले. मी पाहिले होते. नुसते पाहिले नव्हते.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको, याचा मी पुष्कळ विचार केला. नाव घेणार नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आपल्या दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत एक शिक्षिका भाड्याने राहावयास आल्या होत्या. एकट्याच असत. मला अपूर्णांक येत नसत. त्या संध्याकाळी गॅलरीत बसवून मला ते शिकवीत. भाकरीचे तुकडे करून छेद आणि अंश त्यांनी समजावला, तो मी अजून विसरलेली नाही. एके दिवशी त्यांच्याकडे एक गृहस्थ पिशवी घेऊन आले. रात्री ते गेले नाहीत. सकाळी नळावर मी त्यांना तोंड धुताना पाहिले.

आणि मी ते सांगितले. कोणी विचारले म्हणून सांगितले, असेही नाही. मी होऊन सांगितले. मग मला तीन बिऱ्हाडांत बोलावून पुन्हा पुन्हा सांगावयास लावले. पिशवी केवढी होती? खोलीला आतून कडी होती काय? मला आठवत नव्हते तेही मी सांगितले. माझ्या हातावर लाडू ठेवला गेला. मोठी माणसे माझे बोलणे थांबून ऐकत आहेत, असे माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होते, आणि ते मला फार आवडले.

त्या वर्षीच्या कोजागिरीला गच्चीवर सगळी चाळ होती. त्यांना मात्र कोणी बोलाविले नाही. दूध पिताना कठड्यावरून खाली पाहिले की, त्यांच्या खिडकीतला दिवा दिसत होता. पुढच्याच महिन्यात त्या खोली सोडून गेल्या. टेम्पोत सामान चढत असताना मी जिन्यात उभी होते. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "अपूर्णांकांचा सराव सोडू नकोस हं." त्यांना सगळे ठाऊक होते की नव्हते, हे मला कधीच कळले नाही.

ते गृहस्थ कोण होते, हेही मला आजतागायत ठाऊक नाही. भाऊ असतील, आणखी कोणी असतील. पूर्वी मी मनाची समजूत घालीत असे की, ते भाऊ असल्याचे कळले तर आपली चूक ठरेल. तालमींनी मला निराळेच शिकविले. ते कोणीही असते, तरी ते कोर्ट भरविण्याचा अधिकार आपल्याला नव्हता.

दुसऱ्या दिवशीच्या तालमीत मी त्या लाडवाची चव आठवली आणि बेणारेचा दंड धरला. बाईंनी काही म्हटले नाही. वहीत खूण करून त्या पुढच्या प्रवेशाकडे वळल्या.

ज्या स्वगतासाठी मी गच्ची दणाणून सोडली होती, त्याच्या वेळी आम्ही बाकीची सर्व पात्रे रंगमंचावर पुतळ्यासारखी गोठलेली असतो. पापणी लववावयाची नाही, नाकावर डास बसला तरी हलावयाचे नाही. सात आठवड्यांच्या तालमीत मी ते स्वगत रोज असे उभे राहून ऐकले. म्हणत असताना त्यात मला फक्त माझाच आवाज ऐकू येत असे. ती बाई काय बोलते आहे, हे मी काशीकरबाई होऊन, गप्प उभी राहून ऐकले, तेव्हा कळले.

एके काळी आपल्या रंगभूमीवर स्त्रीला पाऊल टाकणेच कठीण होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून कितीतरी वर्षे सीता आणि शकुंतला बहुतेक पुरुषच झाले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आले आणि ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या घरंदाज स्त्रिया त्यात उभ्या राहिल्या, तेव्हा लोकांना केवढे नवल वाटले! त्यांनी लोकांचे बोलणे सोसले, म्हणून आज मी सुखाने येथे उभी आहे. त्यांना नावे ठेवणाऱ्यांत स्त्रियाही असतीलच, असे आता मला वाटते.

प्रयोगाला आई आली होती. पडदा पडल्यावर ती आत आली. माझ्या कामाविषयी चांगले वाईट काही बोलली नाही. मी रंग पुसत होते. आरशातून माझ्याकडे पाहत ती म्हणाली, "ती मास्तरीणबाई आता कुठे असेल ग?" मला उत्तर देता आले नाही. आम्ही दोघी घरी येईपर्यंत काही बोललो नाही.

आपले मंडळ इतकी वर्षे चालले आहे. अडल्यानडल्या बाईला शिवणयंत्र मिळवून दिले, बाळंतिणीचे डबे पोचविले, ही सर्व कामे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणूनच तुमच्यापुढे एक मागणे मांडते. आज आपल्या चाळीत एकट्या राहणाऱ्या तीन मुली आहेत. नोकरी करतात, रात्री उशिरा येतात. त्यांच्याविषयी नळावर काय बोलले जाते, ते माझ्याही कानांवर येते. यंदाच्या कोजागिरीचे बोलावणे फलकावर न लावता दारोदार जाऊन करावे. दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीला बोलावणे करण्यास मी जाईन. ते काम कृपा करून दुसऱ्या कोणाला देऊ नये.

तुम्ही इतका वेळ गप्प बसून ऐकलेत. ते काम किती कठीण असते, हे आता मला ठाऊक आहे.