टेकडीवरील अध्यापक महाविद्यालय आणि पायथ्याचे हार्लेम



आज मी आपणांस सातासमुद्रांपलीकडच्या एका महाविद्यालयाविषयी सांगणार आहे. न्यूयॉर्क शहरात १२०व्या रस्त्याच्या एका बाजूस कोलंबिया विद्यापीठ आहे आणि दुसऱ्या बाजूस त्याच्याशी १८९८ साली संलग्न झालेले 'टीचर्स कॉलेज' हे शिक्षणशास्त्राचे पदव्युत्तर महाविद्यालय आहे. परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकले. त्यांचे गुरू प्राध्यापक जॉन ड्यूई या अध्यापक महाविद्यालयातही शिकवीत असत. तेव्हा ही जागा आपणांस अगदीच परकी नाही.

महाविद्यालयाची स्थापना १८८७ सालची. ग्रेस डॉज या धनिक घराण्यातील बाईंनी बाहेरदेशांतून आलेल्या गरिबांच्या मुलींना घरकाम शिकविण्याचे कार्य हाती घेतले होते. त्यातूनच पुढे शिक्षक तयार करणारी ही संस्था उभी राहिली. (गरिबाची मुलगी दिसली की तिला आधी घरकामच शिकवावे, असे दात्यांना का वाटते, हा एक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.)

हा सारा विद्यापरिसर मॉर्निंगसाइड हाइट्स नावाच्या उंचवट्यावर वसला आहे. पूर्वेस उभा कडा, कड्यावर उद्यान, आणि खाली हार्लेम, म्हणजे कृष्णवर्णीयांची जगप्रसिद्ध वस्ती. वर शिक्षक घडविणारे मोठे विद्यापीठ आणि खाली शिक्षकांवाचून राहिलेली मुले, ही स्थिती तेथे दीर्घकाळ होती. ती समजण्यासाठी दोन खटले पाहू.

दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांची विद्यापीठे कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यांना प्रवेश देण्यापेक्षा बाहेरच्या राज्यात शिकण्यासाठी फीचे पैसे देणे अनेक राज्यांना सोयीचे वाटे. अशा रीतीने दक्षिणेतील कित्येक कृष्णवर्णीय शिक्षक टीचर्स कॉलेजात आले. अनेकजण उन्हाळी सत्रांत शिकून पदव्या घेऊन परतले. महाविद्यालयाने त्यांना दार उघडे ठेवले, हे त्यास भूषणावह आहे. परंतु त्या राज्यांची उदारता ही वस्तुतः हद्दपारीच होती. मिसूरी राज्यातील लॉइड गेन्स या तरुणाने तेथील कायदा महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी दावा लावला. १९३८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राज्य जे शिक्षण गोऱ्यांना आपल्या हद्दीत देते ते इतरांनाही त्याच हद्दीत दिले पाहिजे. परगावचे भाडे व फी देऊन हे कर्तव्य टळत नाही. माझ्या मते समतेच्या कायद्यातील हा फार मोलाचा निर्णय होय. हक्क जेथे माणूस राहतो तेथेच त्यास मिळाला पाहिजे.

दुसरा खटला खुद्द हार्लेममधला. १९५८ साली तेथील काही मातांनी आपली मुले निकृष्ट शाळांत पाठविण्याचे नाकारले. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मोडल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई झाली. एका न्यायाधीशाने काही पालकांना दोषी धरले. परंतु जस्टिन वाइज पोलियर या न्यायाधीश बाईंनी आपल्यापुढील पालकांना निर्दोष ठरविले. त्यांनी पुरावा तपासला. कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन मुलांच्या त्या माध्यमिक शाळांतील जवळजवळ निम्म्या जागांवर रीतसर परवानाधारक कायम शिक्षक नव्हते. गोऱ्या मुलांच्या शाळांत हे प्रमाण पुष्कळच कमी होते. या मातांनी नुसता अन्यायाचा आक्रोश केला नाही. वर्गात उभा राहणारा माणूस कोण, हे त्यांनी मोजून दाखविले.

पुढे १९६८ साली कोलंबिया विद्यापीठाने मधल्या उद्यानात व्यायामशाळा बांधावयास घेतली. हार्लेमच्या लोकांसाठी तिचे दार खालच्या अंगास, वेगळे! विद्यार्थी व वस्ती दोन्ही खवळली आणि ते बांधकाम सोडून द्यावे लागले. टीचर्स कॉलेजच्या सहकार्याने हार्लेममध्ये एक सार्वजनिक शाळा मात्र २०११ साली सुरू झाली. महाविद्यालयाच्या स्थापनेनंतर एकशे चोवीस वर्षांनी.

आता आपल्याकडे पाहा. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २६ प्रमाणे शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळेत शिक्षकांच्या रिक्त जागा मंजूर संख्येच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. आपल्या मुलांच्या शाळेत मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हे माहितीच्या अधिकाराखाली लेखी विचारता येते. अर्जास दहा रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही नाही, आणि उत्तर तीस दिवसांत मिळावयास हवे. अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना हवा असेल त्यांनी उतरवून घ्यावा.