संगणकाची बेणणी



कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत बेणणी कशी करावी, हे मी तुम्हांला काय सांगू! भात ओळखावे, तण मुळासकट काढावे. घरच्या संगणकाचेही तेच. फुकटच्या प्रोग्रामबरोबर न मागितलेले दुसरे आत शिरतात. पडद्यावरचे चित्र पुसले, तर नुसता शेंडा खुडला जातो. मी महिन्याकाठी विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’ची यादी तारखेप्रमाणे लावते. काही अनोळखी नावे यंत्राच्या गरजेचीच असतात. म्हणून आधी चौकशी, मगच ‘अनइन्स्टॉल’. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची सफाईची साधने २०१७ पासून मोफत मिळतात. मात्र ‘व्हायरस आला, या नंबरावर फोन करा’ अशी पाटी झळकली, तर फोन करू नका. घरची पुंजी तिथेच जाते. फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसता १९३० वर तत्काळ कळवा.