दाबायला पैसे, तपासायला नाहीत

उत्तर अमेरिकेतून लांबलांबून आलेले मराठी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, कायरोप्रॅक्टर, नर्सेस आणि बिलिंगची किचकट कामं सांभाळणारे मित्रहो,

अध्यक्षानं सगळ्या व्यवसायाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. मी तो मोडणार आहे. आज एकाच विषयावर बोलेन, आणि विषय असा की चहाच्या वेळी निघाला तर निम्मी माणसं कप उचलून पलीकडे जातात. ज्येष्ठांच्या कायरोप्रॅक्टिक उपचारांचे पैसे मेडिकेअर या सरकारी विम्यानं किती आणि कशाकशाचे द्यावेत, हा तो विषय.

या वादात दोन बाजू ठरलेल्या आहेत. एक म्हणते, हे शास्त्रच नाही, सरकारी पैसा कशाला? दुसरी म्हणते, गोळ्यांपेक्षा बरं, सगळंच द्या. मी पुनर्वसन वैद्यकाची डॉक्टर, त्यामुळे मी पहिल्या बाजूची असणार असं सभागृहात अनेकांनी गृहीत धरलं असेल. पण आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण वाद घालणाऱ्या बऱ्याच जणांनी तो वाचलेलाच नाही, असा माझा अनुभव आहे.

मेडिकेअर १९६५ साली आलं, तेव्हा त्यात कायरोप्रॅक्टर नव्हते. १९६८ साली सरकारच्याच आरोग्य खात्यानं अहवाल दिला, की त्यांना घेऊ नये. तरीही १९७२ साली काँग्रेसनं कायदा बदलला आणि १९७३च्या जुलैपासून पैसे मिळू लागले. दार उघडलं, पण फटीएवढं. 'सब्लक्सेशन', म्हणजे मणका जागेवरून सरकला आहे असं निदान असेल, तर तो हातानं बसवण्याचे पैसे मिळतील. बाकी कशाचेही नाहीत. शिवाय अट अशी, की हे सरकणं एक्स-रेमध्ये दिसायला हवं. आणि तो एक्स-रे कायरोप्रॅक्टरनं काढला, तर त्याचे पैसे मेडिकेअर देणार नाही! हा उफराटा कारभार पंचवीसेक वर्षं चालला. २००० सालापासून एक्स-रेची सक्ती गेली. आता हातानं तपासून निदान केलं तरी चालतं. वेदना, दोन बाजूंतला फरक, हालचालीतली अडचण आणि स्नायूंचा ताठरपणा या चारांपैकी दोन गोष्टी सापडायला हव्यात, आणि त्यातली एक तरी बाजूंतला फरक किंवा हालचाल यांपैकी हवी. हे सगळं कागदावर लिहायचं. नाही लिहिलं तर बिल परत.

म्हणजे तपासणी सक्तीची, पण तिचे पैसे नाहीत. मणका बसवण्याच्या दरात 'हात लावण्याआधी जरा पाहून घेणं' धरलेलं आहे, तेवढंच. पेशंट पहिल्यांदा आला, अर्धा-पाऊण तास बसवून त्याची सगळी हकिकत विचारली, तर त्याचं बिल मेडिकेअरकडे जात नाही. ते पेशंटनं भरायचं. फिजिओथेरपिस्टला पहिल्या मूल्यमापनाचे वेगळे पैसे मिळतात. मला मिळतात. कायरोप्रॅक्टरला मिळतात ते दाबण्याचे.

आता पेशंट कोण आहे ते डोळ्यांसमोर आणा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. हाडं ठिसूळ. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू. दम्यासाठी अधूनमधून स्टेरॉइड. दहा वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला. पाठदुखी चार महिन्यांची, पण अलीकडे रात्री झोपेतून उठवते. हे शेवटचं वाक्य कोणीतरी विचारल्याशिवाय ती सांगणार नाही. आपल्या आया-आज्या 'जरा कंबर धरली आहे' एवढंच म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पंचविशीतल्या खेळाडूच्या पाठीवर घाईनं हात ठेवला तर बहुतेक वेळा निभावून जातं. या बाईच्या बाबतीत ती घाई महागात पडेल. ज्या वयात तपासणी सगळ्यात महत्त्वाची, नेमक्या त्याच वयाच्या विम्यानं ती वगळली आहे. माझी तक्रार एवढीच आहे. बाकीचं भाषण त्या तक्रारीभोवतीच फिरतं.

आपल्यातले पुष्कळ जण अशा गावांतून आले आहेत, जिथे उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणत आणि तो पाठीला पाय लावी. हाडवैद्य तर तालुक्याला असायचाच. त्यामुळे पाठीला हात लावून बरं वाटतं, यात आम्हा मराठी लोकांना नवल नाही. नवल वाटायला हवं ते याचं, की न तपासता हात लावणाऱ्याला आपण आपल्या आईच्या जवळ जाऊ देऊ का?

डॉक्टर मंडळींना इथे थोडं टोचेल असं बोलते. आपल्या संघटनेचा हिशेबही स्वच्छ नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवणं अनैतिक ठरवलं होतं. त्याविरुद्ध शिकागोच्या केंद्रीय न्यायालयात १९७६ साली खटला उभा राहिला, तो विल्क खटला. १९८७ साली न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी संघटनेला बेकायदा बहिष्काराबद्दल दोषी ठरवलं, आणि वरच्या न्यायालयात तो निकाल टिकला. तेव्हा 'आम्ही फक्त पेशंटचं हित पाहतो' हे वाक्य या वादात आपण जरा जपून वापरावं.

आणि कायरोप्रॅक्टर मित्रांनो, तुमच्याकडेही येते. १८९५ साली आयोवातल्या डॅव्हनपोर्टमध्ये डॅनियल पामर यांनी एका सफाई कामगाराचा मणका दाबून त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला आणि तुमचा व्यवसाय जन्मला. सगळ्या रोगांचं मूळ मणक्यात, हे म्हणणं आजही काही दवाखान्यांच्या भिंतीवर दिसतं. ते उतरवा. कंबरदुखीवर मणक्याच्या हस्तोपचाराचा माफक उपयोग होतो, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७च्या मार्गदर्शिकेत औषधाआधीच्या उपायांत तो आहे. तेवढ्या जमिनीवर उभं राहा; ती पक्की आहे. दुसरं, आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१६ साली नमुने तपासून अंदाज काढला, की २०१३ साली मेडिकेअरनं कायरोप्रॅक्टिकवर दिलेल्या सुमारे ४३ कोटी ८० लाख डॉलरपैकी जवळपास ३५ कोटी ९० लाख, म्हणजे ८२ टक्के, नियमांत बसत नव्हते. हे सगळं लबाडीचं आहे असं मी म्हणत नाही. पण 'कागदपत्रं नीट नव्हती' एवढं सांगून यातून सुटता येणार नाही.

या पैशांच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो मला एका आजींनी विचारला. मूळच्या साताऱ्याकडच्या, मुलाकडे राहणाऱ्या. ग्रीन कार्डावर पाच वर्षं पूर्ण करून, दरमहा हप्ता भरून त्यांनी मेडिकेअर घेतलेलं. कायरोप्रॅक्टरच्या दवाखान्यात त्यांच्या हातात एबीएन नावाचा फॉर्म ठेवला होता, तो घडी घालून त्या माझ्याकडे घेऊन आल्या. त्यात तीन चौकोन असतात: उपचार हवा आणि मेडिकेअरला विचारा, उपचार हवा पण मेडिकेअरला विचारू नका, उपचारच नको. आजी म्हणाल्या, "जाते म्हणून बरं आहे, तर म्हणतात आता तुम्ही बऱ्या, पैसे मिळायचे नाहीत. मग परत दुखेस्तोवर थांबू का?"

नियमाप्रमाणे उत्तर 'हो' असंच आहे. सुधारणा होत असेल तोवर उपचार 'सक्रिय'. आहे ते टिकवण्यासाठी असेल तर तो 'मेन्टेनन्स', आणि मेन्टेनन्सला मेडिकेअर नाही. गंमत अशी, की फिजिओथेरपीत हाच अडथळा २०१३ साली जिमो खटल्याच्या तडजोडीनं दूर झाला. तिथे स्पष्ट झालं, की प्रकृती सुधारणार नसली, पण ढासळू नये म्हणून कुशल हातांची गरज असेल, तर मेडिकेअर नाकारू शकत नाही. शेजारशेजारच्या दोन टेबलांवर दोन न्याय. तरीही मेन्टेनन्स सरसकट द्या असं मी म्हणणार नाही. दर आठवड्याला, वर्षानुवर्षं, कुणी पुन्हा न तपासता चाललेला उपचार हा उपचार राहत नाही. ते वर्गणीचं मासिक होतं.

पैशांचं म्हणाल तर प्रयोग होऊन गेला आहे. २००५ ते २००७ या काळात मेन, न्यू मेक्सिको, व्हर्जिनियाचा काही भाग, आणि उत्तर इलिनॉयसह आयोवाची स्कॉट काउंटी, म्हणजे पामर यांचं डॅव्हनपोर्टच, इथे मेडिकेअरनं तपासणीसकट जास्त सेवांचे पैसे दिले. सुमारे ५ कोटी डॉलर जादा गेले, आणि त्यातला मोठा वाटा आमच्या इलिनॉयचा. खर्च वाढू द्यायचा नाही असं कायद्यात होतं, म्हणून ती रक्कम २०१० ते २०१४ अशी पाच वर्षं देशभरच्या कायरोप्रॅक्टरांच्या दरातून दोन-दोन टक्के कापून वसूल केली. ओरेगॉनमधल्या माणसानं शिकागोचं बिल भरलं. इलिनॉयची सभासद म्हणून हे सांगताना मला थोडं अवघडायला होतं.

२०१९ पासून काँग्रेसमध्ये पुन्हापुन्हा एक विधेयक येतं आहे: राज्याच्या परवान्यात जे जे बसतं, ते सगळं मेडिकेअरनं द्यावं. ते अजून मंजूर झालेलं नाही. मला ते एका बाजूनं फार सैल वाटतं. परवाने राज्याराज्यांत निराळे आहेत, आणि विम्यानं कशाचे पैसे द्यायचे ते परवान्यानं ठरवू नये.

म्हणून कार्यकारिणीकडे मी जो मसुदा दिला आहे, त्यात दोनच गोष्टी आहेत. पासष्टीपुढच्या पेशंटची पहिली तपासणी आणि ठरावीक काळानंतरची फेरतपासणी यांचे पैसे मेडिकेअरनं कायरोप्रॅक्टरला द्यावेत, आणि तिचा अहवाल पेशंटच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जावा. दुसरं, मेन्टेनन्सला फिजिओथेरपीचीच कसोटी लावावी. फेरतपासणीत कुशल हातांची गरज दिसली तरच पैसे, नाहीतर नाहीत. पहिल्या कलमावर डॉक्टर मंडळी नाराज होतील आणि दुसऱ्यावर कायरोप्रॅक्टर, हे मला ठाऊक आहे. ठराव दुपारी अडीचच्या सत्रात चर्चेला येईल. सूत्रसंचालकांना मी विनंती केली आहे, की पहिली पाच भाषणं विरोधकांची ठेवा.