नामाचा जोडीदार
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून ते 2000 साली आलं, तोवर आपण शाळेतून कधीच बाहेर पडलो होतो. शहाड स्टेशनवरच्या पाट्या वाचता आल्या की इंग्रजी आलं, असं मला वाटायचं. तो भ्रम इंग्रजीच्या बाईंनी आठवीत घालवला.

आपल्या मराठीत चा-ची-चे लावलं की बहुतेक काम भागतं. प्रश्नाचं उत्तर, कुलपाची किल्ली, गैरहजेरीचं कारण, वाचनाची आवड. आपण सगळीकडे 'ऑफ' ठोकून द्यायचो. बाई लाल शाईने खोडायच्या: आन्सर टू, की टू, रीझन फॉर, इंटरेस्ट इन. "नाम एकटं पाठ करू नका रे, त्याचा जोडीदारही पाठ करा," असं त्या म्हणायच्या. मी अर्धंच ऐकलं. माझ्या डोक्यात एवढंच बसलं की 'ऑफ' दिसला की मार्क गेले.

पुढे कल्याणला गाडी बदलून मी अंबरनाथला एका डाइंगच्या कारखान्यात जाऊ लागलो. माझ्यानंतर पाळीवर येणारा सहकारी केरळचा होता, म्हणून पाळीची वही इंग्रजीत. एका रात्री साबणाच्या धुलाईचा वेळ वीस मिनिटं कमी करायचा होता, साठाचे चाळीस. मी ऐटीत लिहिलं, 'रिडक्शन टू 20 मिनिट्स'. नेमका इथे 'ऑफ' हवा होता! त्याने वहीप्रमाणे वीसच मिनिटं धुतलं. कापडावरचा सुटा रंग निघाला नाही आणि अख्खा लॉट परत आला.

साहेबांनी त्याला धारेवर धरलं. तो वहीवर बोट ठेवून सांगत होता. मी काय म्हणालो असेन? "त्याला इंग्रजी कळलं नाही." हे मी आजवर घरीही सांगितलेलं नाही.

रात्री तर्खडकरांची भाषांतर पाठमाला काढून बसलो, पण खरं तर पुस्तकाची गरज नव्हती. 'ऑफ' म्हणजे कितीने घट आणि 'टू' म्हणजे घटून कितीवर, हे बाईंनी फळ्यावर पगाराचं उदाहरण घेऊन शिकवलं होतं. मी तेव्हा खिडकीतून लोकल बघत होतो. तिसऱ्या दिवशी साहेबांसमोर वही ठेवली आणि चूक माझी म्हणून सांगितलं. माझा पगार कापला गेला. तो सहकारी मात्र पुढे कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याचं बरोबरच होतं.

बाई समोरच बसल्या आहेत. बाई, परवा नातीच्या वहीत 'आन्सर ऑफ' सापडला. मी खोडला, पण 'ऑफ' कुठे कुठे लागतो, हेही तिच्याकडून लिहून घेतलं. शॉर्टेज ऑफ वॉटर तिला लगेच पटलं, कारण त्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी आलं नव्हतं.