पानात काय उरलं?

कंपन्या आपलं धोरण कसं ठरवतात आणि बाजाराला कसा प्रतिसाद देतात, या विषयावर आज मला रेडिओवर बोलायला सांगितलंय. विषय ऐसपैस आणि वेळ मोजका. तेव्हा धोरण म्हणजे काय आणि स्पर्धा म्हणजे काय, हे मी समजावत बसणार नाही. ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण दुकानदार आहात, छोटे कारखानदार आहात, नाहीतर त्यांच्याकडे नोकरी करता. ते तुम्हाला ठाऊकच आहे. मला सांगायचीय ती एकच गोष्ट. आणि ती मी दोनतीनदा सांगणार आहे, कारण आत्ता कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होणार आणि नेमकं तेच वाक्य निसटणार.

ती गोष्ट अशी, की गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकाच, पण त्याच्या पानात काय उरलं ते आधी बघा.

पान म्हणजे जेवणाचं पान. पंगतीतलं. हल्ली बुफे असतो, त्यात कोण काय टाकतं ते टबात जातं आणि कुणाला कळत नाही. पण पंगत ज्यांनी पाहिलीय त्यांनी आठवून बघा. यजमान उपरणं सावरत फिरतात, ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात, ‘कसं झालंय?’ विचारतात. पाहुणा म्हणतो, ‘फक्कड!’ दुसरं काय म्हणणार? ज्याच्या मांडवात बसलो त्याला तोंडावर नावं ठेवायची आपली रीत नाही. ती घरी जाताना, रिक्षात. पण मुरलेला वाढपी तोंडाकडे बघतच नाही, तो पानाकडे बघतो. भाजी तशीच पडलीय, डावीकडची चटणी मात्र दोनदा मागितली, म्हणजे भाजी अळणी झालीय. मठ्ठ्याची तिसरी फेरी चाललीय, म्हणजे मसालेभात तिखट लागतोय. तो आत जातो आणि आचाऱ्याच्या कानात सांगतो. कुणी तक्रार केलेली नसते, तरी दुसऱ्या पंगतीला भाजीत मीठ बेताचं असतं.

आता कंपनीचं बघा. धोरण आत, मुदपाकखान्यात ठरतं. पान बाहेर असतं. आणि मधला वाढपी, म्हणजे डीलर, सेल्समन, गॅरेजमधला मेकॅनिक, याला आत कुणी विचारत नाही. त्याला फक्त टार्गेट देतात. जिलबीचं ताट रिकामं करून आण म्हणतात. मग तो ते करतो! पाहुणा ‘नको नको’ म्हणत असताना पानात चार वेढी टाकून मोकळा होतो. आत कागदावर नोंद होते की जिलबी खपली.

हे मी हवेत बोलत नाही. पुण्यातलंच उदाहरण घेऊ, आकुर्डीचं. बजाज ऑटो. इटलीच्या पिआजिओबरोबरचा करार १९७१ साली संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ स्कूटर आली. ज्यांचं लग्न सत्तरच्या नाहीतर ऐंशीच्या दशकात झालं त्यांना चेतकची ओळख करून द्यायला नको. नोंदणी करायची आणि वाट बघायची. वर्षानुवर्षं. मुलगा शाळेत असताना नंबर लावलेली स्कूटर तो नोकरीला लागताना दारात यायची. नंबर आला की गाडी न वापरताच जास्त किमतीला विकणारे होते. आणि परदेशातल्या नातेवाइकाने डॉलरमध्ये पैसे भरले, तर रांग टाळून गाडी मिळायची. म्हणून आपला एखादा चुलतमामा अमेरिकेत आहे, हे अचानक सगळ्या आळीला समजायचं!

आता मला सांगा, अशी रांग दारात असताना कंपनीने काय समजावं? आपला माल लोकांना फार आवडतो, असंच ना?

पहिली पंगत बसलीय आणि दुसऱ्या पंगतीची माणसं मागे उभी आहेत, दुपारचे तीन वाजलेत. त्यांना तुम्ही काय वाढाल ते ती खातील. पान चाटूनपुसून साफ करतील. ते भुकेचं काम आहे, आचाऱ्याने ते स्वतःच्या नावावर मांडायचं नाही. बजाजला न्याय द्यायचा तर हेही सांगितलं पाहिजे की ती रांग त्यांनी मुद्दाम लावलेली नव्हती. लायसन्सचं राज्य होतं. किती गाड्या बनवायच्या ते दिल्ली ठरवायची. चुलीवर मोठं पातेलं चढवायचं तरी परवानगी लागायची. आणि चेतक ही काही वाईट गाडी नव्हती. दणकट पत्रा, मागे स्टेपनी, पुढे उभं राहिलेलं एक पोर, मधे दुसरं, मागे बायको. कुटुंबंच्या कुटुंबं त्या गाडीने वाहिली.

पण पानात उरत होतं. काय उरत होतं ते सांगतो, आणि इथे जरा लक्ष द्या.

सकाळी कुठल्याही वाड्यात, कुठल्याही सोसायटीत एक दृश्य दिसायचं. शर्ट खोचलेला, डबा घेतलेला गृहस्थ चेतकला दोन किका मारतो. गाडी सुरू होत नाही. मग तो खाली उतरतो, हँडल धरतो आणि गाडी एका बाजूला चांगली आडवी होईतो कलती करतो. क्षणभर थांबतो. सरळ करतो. चोक ओढतो, पुन्हा किक. नाहीच जमलं तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासतो. लाखो माणसं सकाळी हे करत होती, आणि मला खात्री आहे की त्यातल्या फारच थोड्यांनी कंपनीला याबद्दल पत्र लिहिलं असेल. कारण ती त्यांना तक्रार वाटतच नव्हती! स्कूटर अशीच सुरू करायची असते, असं त्यांना वाटायचं. बापाने मुलाला शिकवलं, मुलाने बायकोला. उरलेली भाजी पानाच्या कडेला सारून वर भाताने झाकावी, तसं लोकांनी ते झाकून टाकलं होतं.

ते पान कुणी बघितलं? म्हणजे, बघणारे होते. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. फोर स्ट्रोक, तेल-पेट्रोलच्या मिश्रणाची कटकट नाही, लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा, आणि जाहिरात काय, तर पेट्रोल भरा नि विसरून जा. गाडीची ऐट नाही सांगितली, वेग नाही सांगितला. सांगितलं ते एवढंच की आडवी करायला नको. तिकडे त्याच सुमारास आपल्या पुण्याच्या फिरोदियांनी होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. किकचा आणि साडीचा संबंध काय असतो हे घरातल्या बाईला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण तिला विचारायचं कुणी? फॉर्मवर नाव तिच्या नवऱ्याचं.

पुन्हा सांगतो. बोललं ते ऐकाच, पण उरलं ते बघा.

मग १९९१ आलं, लायसन्स गेली. शेजारच्या मैदानात दुसरा मांडव पडला, तिसरा पडला, आणि रांगेतली माणसं तिकडे कधी सरकली ते समजलंसुद्धा नाही. कुणी भांडलं नाही. जाणारं गिऱ्हाईक भांडत नाही, हे सगळ्यात वाईट. भांडणारं चांगलं, त्याला अजून तुमच्याकडूनच घ्यायचं असतं. गावाकडे तर स्कूटरची छोटी चाकं शेतरस्त्याला कधीच मानवली नव्हती. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना अडकवायला मोटारसायकलच हवी. नव्वदचं दशक संपता संपता देशात मोटारसायकलींचा खप स्कूटरच्या पुढे गेला, आणि पाठोपाठ दुचाकीतला पहिला नंबर आकुर्डीहून हीरो होंडाकडे गेला.

इथून पुढची गोष्ट मला जास्त आवडते, कारण कंपनी हलली. २००१ च्या नोव्हेंबरात पल्सर आली, दीडशे आणि एकशेऐंशी सीसीची. तोवर बहुतेक आचारी मानत होते की हिंदुस्थानी माणसाला एकच चव कळते, ती म्हणजे ॲव्हरेजची. शोरूममध्ये विचारलं तर पोरंही तेच बोलायची, ‘ॲव्हरेज किती?’ कारण वडील शेजारी उभे असायचे, पैसे त्यांचे होते! पण हीच पोरं संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाशी कुठल्या गाडीभोवती घोळका करून उभी राहायची? हीरो होंडाच्या सीबीझेडभोवती. म्हणजे शेजारच्या मांडवातलंसुद्धा पान बघता येतं. ते बजाजने बघितलं, आणि पुढची अनेक वर्षं पल्सरने त्या कंपनीला जेवू घातलं.

आता गंमत अशी, की त्याच २००१ सालात होंडाची ॲक्टिव्हाही आली. गिअर नाही, पत्र्याची बॉडी, आणि पुढे सपाट जागा, सिलिंडर ठेवा, दळणाचा डबा ठेवा, नातवाचं दप्तर ठेवा. आकुर्डीत मात्र निष्कर्ष निघाला होता की स्कूटरचे दिवस संपले, आपण जगाच्या बाजारात मोटारसायकलवालेच व्हायचं. २००९ च्या डिसेंबरात त्यांनी स्कूटर बनवणं बंद करायचं जाहीर केलं. कंपनीचा कारभार बघणाऱ्या राजीव बजाज यांचा तो निर्णय, आणि खुद्द वडील राहुल बजाज यांनी आपल्याला तो रुचला नसल्याचं चारचौघांत सांगितलं. घरातच दोन मतं!

निर्णय चुकला का? नफ्याच्या वहीत बघाल तर मला तसं म्हणता येणार नाही. कंपनीने आफ्रिकेत गाड्या विकल्या, ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली, पैसा मिळवला. सगळेच पदार्थ सगळ्यांनी करू नयेत, हे आचाऱ्याचं म्हणणंही खरं असतं. मला टोचतं ते वेगळं. स्कूटर लोकांनी नाकारली होती की आडवी करून सुरू करावी लागणारी स्कूटर नाकारली होती? पानात भाजी उरली, हे बघितलं. पण लोकांना भाजी नको आहे की मीठ कमी पडलंय, हे पुढचं बघणं असतं, आणि तिथे मोठमोठे फसतात. ॲक्टिव्हाने पुढे काही महिने खपात हीरोच्या स्प्लेंडर मोटारसायकललाही मागे टाकलं, तेव्हा त्याचं उत्तर मिळालं. आणि २०२० च्या जानेवारीत चेतक परत आली, विजेवर चालणारी, सुरुवात पुण्यात नि बंगळुरात. नाव अजून लोकांच्या तोंडात होतं.

अजून एक, पटकन. निरमाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी सायकलवरून कपडे धुण्याची पावडर विकायला सुरुवात केली. सर्फ तिच्या तिप्पट-चौपट भावाची. सर्फवाल्या हिंदुस्थान लिव्हरने आधी काय केलं? जाहिरातीतल्या ललिताजींना टीव्हीवर उभं केलं आणि बायकांना समजावलं की बाई गं, तुझा हिशेब चुकतोय, महागच परवडतं. जाहिरात झकास होती, अजून आठवते. पण पाहुण्याला पानावर बसवून ‘भाजी अळणी नाही, तुमची जीभ बिघडलीय’ असं सांगण्यातला तो प्रकार झाला. पुढे त्यांनी ‘व्हील’ काढलं, स्वस्तातलं, कारखानदारीचा वेगळा हिशेब मांडून, तेव्हा कुठे निरमाला टक्कर मिळाली. यातलं वेगळ्या हिशेबाचं फार महत्त्वाचं आहे, कारण जुन्याच खर्चाच्या रचनेत स्वस्त माल बसत नाही, पण ते आता... काचेपलीकडून मला बोटं दाखवताहेत. दोन मिनिटं की एक?

बरं. मग चाकण-भोसरीतल्या माझ्या कारखानदार मित्रांसाठी एवढंच. पान लांब नसतं. तुमचा माल दुरुस्तीला येतो तेव्हा तो कुठे कुठे दोरीने बांधलाय, कुठे रबर लावलंय, कुठल्या बटणावर चिकटपट्टी आहे, ते बघा. दुरुस्त करून परत द्यायची घाई करू नका, आधी फोटो काढा. आणि वर्षातून एकदा हॉटेलात धोरणाची बैठक घेता ना, पडद्यावर रंगीत आलेख दाखवून? तिथे एक खुर्ची मेकॅनिकला द्या. तो लाजेल. पहिला तासभर बोलणार नाही. त्याला प्रश्न विचारू नका, त्याला ते फोटो दाखवा.

नव्या विजेच्या गाड्यांचंही हेच चाललंय. जुन्या इमारतींत, जिथे पार्किंगमध्ये प्लग नाही, तिथे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडलेली एक्स्टेन्शनची वायर बघितलीत? पावसात प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली? कंपनीकडे त्या पिशवीबद्दल एक तक्रार गेली असेल तर मला सांगा. काही कंपन्यांनी बॅटरी काढून घरात नेता येईल अशी केली, पण ती तिसऱ्या मजल्यावर जिन्याने कोण नेणार, सासूबाई की...

हो, हो, संपवतो. पार्ले-जीच्या पुड्याचं राहिलं. किंमत तीच ठेवून वजन कमी करत नेण्यामागे वाण्याच्या गल्ल्यातली सुटी नाणी कशी असतात, तो विषय फार मजेदार आहे आणि त्याला स्वतंत्र वेळ लागेल. केंद्रसंचालकांनी पुन्हा बोलावलं तर तिथूनच सुरुवात करू.