रंग घट्ट की पातळ?
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



दिवाळीच्या पणत्या आणि पिशव्या रंगवायला घेण्याआधी मला माझी एक चूक सांगायचीय. मागच्या वर्षी एका गटाने कापडी पिशव्यांवर वारली चित्रं काढली. रंग पुरेना, तेव्हा "पाणी घाला, चालतंय" असं मीच म्हणाले. एका धुण्यात रंग उतरला आणि ४० पिशव्या परत आल्या. नुकसान गटाचं झालं.

असं का झालं? ॲक्रिलिक रंगात रंगाची पूड असते, पाणी असतं आणि पूड धरून ठेवणारा प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ असतो. पाणी उडालं की तो पदार्थ पूड धरून पक्का बसतो. आपण वरून भसाभसा पाणी ओतलं की त्याची पकडच सुटते. म्हणून पाणी अगदी थोडं. रंग जास्त पातळ हवा असेल तर ॲक्रिलिक मीडियम मिळतं, ते घालायचं.

खरं तर रंग मुळातच वेगवेगळ्या घट्टपणाचा मिळतो. 'हेवी बॉडी' लिहिलेला श्रीखंडासारखा, 'सॉफ्ट बॉडी' दह्यासारखा, 'फ्लुइड' म्हणजे साईच्या दुधासारखा. पातळ म्हणजे भेसळीचा, असं समजू नका. चांगल्या फ्लुइड रंगात पूड भरपूर असते.

घट्ट रंगात ब्रशचे फटकारे तसेच उमटून राहतात. उठावाचं काम त्यानेच करायचं, पण पिशवीवर नको. कापड कडक होतं, घडीवर रंग तडकतो. वारलीच्या बारीक रेघेला फ्लुइड बरा, एका दमात रेघ सरकते. जुन्या बायका भिंतीवर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून बांबूच्या काडीने काढायच्या, तेही पातळच असायचं ना! कापडासाठी रंगात फॅब्रिक मीडियम मिसळा, पूर्ण वाळू द्या, मग उलट्या बाजूने इस्त्री फिरवा.

पणतीची माती पाणी पिते. आधी प्रायमरचा हात द्या, मग रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड थर दिला तर वरून वाळतो, आत ओलाच राहतो. वातीजवळची कड मात्र कोरी ठेवा, हा रंग आगीजवळ चालत नाही. दह्याच्या मडक्याला तर आतून मुळीच लावू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने जुन्या सुती कापडाचा एक तुकडा आणा. तिन्ही रंग लावून, वाळवून, इस्त्री करून घरी न्यायचा आणि चारदा धुवायचा. ज्याचा रंग टिकेल, तोच ऑर्डरसाठी घेऊ.