निवांत सायकलफेरी आणि सुरक्षित वाट

निवांत सायकलफेरीत वेगाला महत्त्व नसते. शेजारच्याशी धाप न लागता बोलता येईल, एवढाच जोर पायडलवर द्यायचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते; अशी फेरी त्यात सहज बसते.

खरा प्रश्न वाटेचा आहे. मराठवाड्यातील माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावी सायकल असते, पण डांबरी रस्ता निवांतपणाचा नसतो. ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, त्यावरून डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर ऊस वाहून नेतात. मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते, बाहेर आलेला ऊस खांद्याला लागू शकतो. त्या दिवसांत मोठा रस्ता टाळणेच शहाणपणाचे.

पाणंद, शिवरस्ता, सुट्टीच्या दिवशी शाळेचे मैदान या त्याहून चांगल्या जागा. मात्र काळ्या मातीची पाणंद पावसाळ्यात निरुपयोगी ठरते: चिखल मडगार्डमध्ये बसून चाक जागीच अडते. कोरड्या दिवसांत बाभळीचा काटा ट्यूबमध्ये शिरतो, म्हणून पंप आणि पंक्चरचे सामान जवळ असावे. कालव्याच्या भरावावर मुलांना एकटे सोडू नये.

मराठवाड्यातील उन्हाळ्यात सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम. अंधारात निघणे भाग पडलेच, तर मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे दिवा आणि अंगात फिकट कपडे हवेत.